उष्ण हवेतला ॲस्परॅगस: वाफा, विश्रांती आणि काढणी

उष्ण हवेत ॲस्परॅगस, म्हणजे कोवळ्या कोंबांसाठी लावायची आणि वर्षानुवर्षं टिकणारी भाजी, लावणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. रोपं जगली, पिसारा छान फुटला, पहिल्या काढणीला बऱ्यापैकी कोंब मिळाले. पण पुढच्या वर्षी कोंब काडीसारखे बारीक झाले आणि त्यानंतर गड्डे एकेक करून संपत गेले. माझ्या पहिल्या वाफ्याचं अगदी हेच झालं होतं. मी खत वाढवलं, पाणी वाढवलं, तरी झाड थकतच गेलं. एक गड्डा उकरून पाहिला तेव्हा कारण कळलं. पेन्सिलीएवढी जाड, पांढरट, रसरशीत असायला हवीत ती मुळं आतून पोकळ होऊन चपटी पडली होती. झाड उपाशी नव्हतं. त्याला विश्रांती मिळत नव्हती आणि मी मात्र कापत राहिलो होतो.

हे झाड कसं जगतं ते आधी नीट समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे. जमिनीखाली आडवा वाढणारा एक गड्डा असतो. त्याला वरून डोळे असतात आणि खालून जाड, मांसल मुळं सुटलेली असतात. ही मुळं म्हणजे साखरेचं कोठार. डोळा फुटून वर येतो तो कोंब, आणि आपण खातो तोच. कोंब न कापता सोडला की तो माणसाच्या छातीपर्यंत वाढतो, त्याला फांद्या फुटतात आणि केसांसारख्या हिरव्या काड्यांचा पिसारा होतो. त्या काड्या पानं वाटतात, पण खरी पानं म्हणजे कोंबावर चिकटलेले ते त्रिकोणी, जांभळट खवले. हिरव्या काड्या हे पानांचं काम करणारे देठ आहेत. पिसारा उन्हात साखर तयार करतो, मुळं ती साठवतात आणि नवे कोंब त्या साठ्यावर येतात. कापलेला प्रत्येक कोंब साठ्यातून जातो, उभा राहिलेला प्रत्येक पिसारा साठ्यात भर घालतो.

थंड देशांत हा हिशेब निसर्गच सांभाळतो. गारठा पडला की पिसारा पिवळा पडतो, त्यातली उरलीसुरली साखर मुळांत उतरते आणि झाड काही महिने झोपतं. उष्ण हवेत गारठा नसतो. पाणी मिळतंय तोवर झाड बारा महिने दोन-दोन, चार-चार कोंब काढत राहतं आणि साठा कधी भरतच नाही. म्हणून इथे झोपेची सोय माळ्यालाच करावी लागते, किंवा झोपेशिवाय भागेल अशी पद्धत धरावी लागते.

आपली हवा कोणती?

उष्ण हवा म्हणजे सगळीकडे एकच हवा नव्हे. ढोबळमानाने तीन प्रकार धरा. उन्हाळा कडक पण हिवाळ्यात रात्री १० अंशांच्या आसपास उतरणारी हवा: इथे झाड अर्धवट का होईना झोपतं, आणि पाणी कमी करून आपण ती झोप पुरी करू शकतो. कोरडी, वाळवंटी हवा: इथे थंडी नसली तरी पाणी आपल्या हातात असतं, म्हणजे झोपही आपल्या हातात. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्यावर पाऊस जवळपास पडतच नाही, तरी तिथला ॲस्परॅगस जगभर जातो, तो पाणी तोडून झाडाला झोपवण्याच्या तंत्रामुळेच. तिसरी हवा बारमाही दमट. इथे पाणी तोडूनही जमीन कोरडी होत नाही, म्हणून वेगळा रस्ता धरावा लागतो. तैवान आणि थायलंडच्या शेतकऱ्यांनी तो वापरात आणला आहे, त्याबद्दल पुढे.

आपली हवा यांपैकी कोणती, ते लावणीआधी ठरवा. नंतर पद्धत बदलता येते, पण दोन्ही पद्धतींची सरमिसळ केली की झाड खचतं.

बी की गड्डा

वर्षभर वयाचे गड्डे लावले तर एक वर्ष वाचतं. पण सुप्तावस्थेतले गड्डे उष्ण भागात लांबून आणले की वाटेतच कुजतात किंवा सुकतात. माझा कल बियांकडे आहे. उष्ण हवेत बियांपासूनची रोपं इतकी जोमाने वाढतात की गड्ड्यांचा फायदा फारसा उरत नाही.

बी घेताना पुडीवर शास्त्रीय नाव वाचा: ॲस्परॅगस ऑफिसिनॅलिस. मराठीत ॲस्परॅगसलाही सरसकट शतावरी म्हणतात, पण औषधी शतावरी ही त्याच वंशातली पण वेगळी वनस्पती आहे. तिची काटेरी वेल होते आणि तिच्या मुळांना मागणी असते. कोंबांसाठी लावलेल्या वाफ्यात दोन वर्षांनी काटेरी वेल चढू लागली तर मोठी निराशा होते.

वाणांत यूसी १५७ हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचा संकरित वाण उष्ण हवेसाठी जगभर लावला जातो आणि मीही तोच सुचवीन. ॲटलस आणि ॲपोलो हेही उष्णता बऱ्यापैकी सोसतात. मेरी वॉशिंग्टन जुना, सहज मिळणारा वाण आहे. जगतो, पण कडक उन्हात त्याच्या कोंबांची टोकं लवकर सुटतात, म्हणजे टोकाचे खवले सैल पडतात. 'जर्सी' नावाने सुरू होणारे वाण मुख्यतः थंड हवेसाठी आहेत, ते टाळा.

बी २४ तास कोमट पाण्यात भिजवा. मधे एकदा पाणी बदला. खोल कुंड्यांत किंवा पिशव्यांत एकेक बी दीड सेंटीमीटर खोल टोका. मातीचं तापमान २५ ते ३० अंश असेल तर दोन आठवड्यांत, क्वचित तीन आठवड्यांत उगवण होते. पहिला कोंब शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक असतो, गवत समजून उपटू नका. अडीच ते तीन महिन्यांत एका रोपाला तीन-चार काड्या फुटतात आणि कुंडी कलंडली की तळाशी पांढऱ्या मुळांचा पुंजका दिसतो. तेव्हा रोप लावणीला तयार झालं.

जागा: इथे घाई करू नका

हा वाफा एकाच जागी कित्येक वर्षं राहणार आहे. थंड देशांत पंधरा-वीस वर्षं चालतो. उष्ण हवेत आयुष्य कमी, पण सांभाळला तर आठ-दहा वर्षं धरायला हरकत नाही. म्हणून वाफ्यातली माती पहिल्या दिवशीच चांगली तयार करायची. नंतर खोल खणायला जागा नसते, कारण मुळं सगळीकडे पसरलेली असतात आणि तुटलेल्या मुळाच्या जखमेतून रोग आत शिरतो.

दिवसातून किमान सहा तास ऊन हवं. ऊन ४० अंशांवर जाणारं असेल तर दुपारी तीननंतर सावली येईल अशी जागा उत्तम. मोठ्या झाडाच्या मुळांजवळ लावू नका, पाण्याच्या स्पर्धेत ॲस्परॅगस हरतो. पिसारा उंच वाढतो आणि वाऱ्याने लोळतो, म्हणून वाऱ्याचा थेट मारा नसलेला कोपरा पाहा.

मातीत सगळ्यात महत्त्वाचा आहे निचरा. वाफ्याच्या जागी हातभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरा. पाणी जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांतही उतरलं नाही तर त्या जमिनीत गड्डे कुजणारच. तिथे ३० ते ४५ सेंटीमीटर उंच गादीवाफा करा आणि त्यात बाहेरून आणलेली भुसभुशीत माती, कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि जाड वाळू घाला. वाळू बारीक असेल तर चिकणमातीत मिसळून उलट घट्ट थर होतो, हे लक्षात ठेवा. जमीन आम्लधर्मी असेल तर चुना घालून सामू (pH) ६.५ ते ७.५ च्या दरम्यान आणा. किंचित खारवट माती हे झाड बहुतेक भाज्यांपेक्षा जास्त सोसतं. त्यावरूनच जुना समज निघाला की वाफ्यात मीठ टाकावं. टाकू नका. तण मरतं तसं मातीचं पोतही बिघडतं.

हरळी, लव्हाळा असं मुळांनी पसरणारं तण असेल तर लावणी एक हंगाम पुढे ढकला, पण ते मुळासकट काढा. लव्हाळ्याची गाठ गड्ड्याच्या मुळांत अडकली की कधीच निघत नाही. तण न काढताच लावायची सूट मी एकदा घेतली होती. पुढची पाच वर्षं खुरपं हातातून सुटलं नाही.

लावणी

उष्ण हवेत लावणीचा काळ म्हणजे कडक ऊन ओसरल्यानंतरचा. रोपाला मुळं धरायला निदान तीन महिने सौम्य हवा मिळाली पाहिजे.

दोन ओळींत १.२ मीटर आणि ओळीतल्या दोन रोपांत ४० सेंटीमीटर अंतर ठेवा. दमट हवा असेल तर ओळींतलं अंतर दीड मीटर करा, वारा खेळला पाहिजे. एका माणसाला अधूनमधून पुरेल एवढं पीक हवं असेल तर आठ-दहा झाडं लागतात. दोन झाडांचं काही होत नाही; एका वेळी दोनच कोंब हाती येतात आणि उरलेल्यांची वाट पाहता पाहता पहिले सुकतात.

ओळीच्या जागी १५ ते २० सेंटीमीटर खोल चर काढा. भारी जमिनीत १५ च्या पुढे जाऊ नका. तळाशी दोन बोटं कंपोस्ट आणि मूठ-मूठ हाडांचा चुरा मिसळा. गड्डे लावत असाल तर चराच्या मधोमध मातीचा बारीक वरंबा तयार करा, गड्डा डोळे वर करून त्याच्यावर बसवा आणि मुळं दोन्ही बाजूंना कोळ्याच्या पायांसारखी पसरा. मुळं वळवून कोंबू नका. वर चार-पाच सेंटीमीटरच माती टाका. रोप लावत असाल तर मुळांभोवतीची माती न फोडता चराच्या तळात बसवा.

कोंब वर आले की दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी माती लोटत जा, हिरवा भाग पूर्ण न झाकता. दोन-तीन महिन्यांत चर भरून जमिनीच्या पातळीला येतो. एकदम भरला तर नाजूक कोंब आतच गुदमरतात.

शेवटी चार बोटं जाडीचं आच्छादन घाला: वाळलेलं गवत, पालापाचोळा, भुसा, जे असेल ते. उष्ण हवेत उघडी माती तापून वरची बारीक मुळं करपतात. आच्छादन गड्ड्याच्या अगदी तोंडाशी दाबून भरू नका.

कुंडीतही जमतं, पण कुंडी किमान ४५ सेंटीमीटर खोल आणि तेवढीच रुंद घ्या, तिच्यात एकच झाड लावा आणि आयुष्य चार-पाच वर्षांचंच धरा. काळी प्लॅस्टिकची कुंडी उन्हात तापून मुळं शिजवते, तिला पोतं गुंडाळा.

पहिली दोन वर्षं हात आवरा

पहिल्या वर्षी एकही कोंब कापायचा नाही. मोह होतो, मला ठाऊक आहे. पण या वर्षी वाढलेला पिसारा पुढच्या आठ वर्षांचं भांडवल उभं करतो.

पाणी आठवड्याला दोनदा, खोलवर द्या. कडक उन्हाळ्यात तीनदा. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात. ठिबक असेल तर सोन्याहून पिवळं, कारण पिसारा ओला राहत नाही. बोट मातीत पेराभर खुपसून पाहा, आत ओल लागली की पाण्याची गरज नाही. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी, कायम ठेवायचा, चिखल होऊ द्यायचा नाही.

खत दर दोन महिन्यांनी: झाडाला दोन-तीन ओंजळी कंपोस्ट, वरची माती हलकी मोकळी करून. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पिसारा गर्द हिरवा, लुसलुशीत होतो आणि माव्याला आमंत्रण मिळतं.

पिसाऱ्याला आधार द्या. वाफ्याच्या चार कोपऱ्यांना खुंट ठोका आणि गुडघ्याच्या व छातीच्या उंचीवर दोरी फिरवा. वाऱ्याने देठ हलला की बुडाशी तडा जातो आणि तिथून बुरशी शिरते.

याच काळात लाल फळं दिसली तर ते मादी झाड आहे. नर झाडाला फळं येत नाहीत आणि त्याचे कोंब संख्येने जास्त असतात. मादीचे कोंब थोडे जाड असतात, पण फळांत तिची ताकद जाते आणि पडलेल्या बियांची रोपं तणासारखी उगवतात. मी फळं हिरवी असतानाच तोडतो. ती खाण्याजोगी नाहीत, घरात लहान मुलं असतील तर हे जरूर करा.

पहिला रस्ता: ताण देऊन झोपवणं

कोरड्या किंवा सौम्य हिवाळ्याच्या हवेत हीच पद्धत धरा. फळबागेत बहार धरताना काही काळ पाणी तोडून झाडाला ताण देतात, तत्त्व तेच.

लावणीला दीड-दोन वर्षं झाली, पिसारा किमान चार-पाच महिने डौलात उभा राहिला, की वर्षातल्या सगळ्यात थंड किंवा कोरड्या काळाच्या सुरुवातीला पाणी हळूहळू तोडा. आधी निम्मं करा, दोन आठवड्यांनी बंद करा. वाळूच्या जमिनीत तीन आठवड्यांत, भारी जमिनीत पाच-सहा आठवड्यांत पिसारा खालून वर पिवळा पडत जातो. या पिवळेपणाची काळजी करू नका. साखर खाली उतरत असते.

पिसारा पुरता पिवळा-तपकिरी झाल्यावरच तो जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटर ठेवून कापा. हिरवा असताना कापलात तर कोठारात जाणारा शेवटचा माल तुम्हीच फेकून दिला. कापलेला पिसारा वाफ्याबाहेर न्या, त्याच्यावर रोगाचे बीजाणू असतात. मग जुनं आच्छादन काढा, प्रत्येक झाडाला पाटीभर कंपोस्ट द्या, नवं आच्छादन घाला आणि भरपूर पाणी देऊन ताण तोडा. एक-दोन आठवड्यांत मातीला भेगा पडून जांभळी टोकं वर येतात. ती पहिली भेग दिसली की मी अजूनही वाफ्याशी उकिडवा बसून पाहतो.

काढणीचा काळ: दुसऱ्या वर्षी दोन आठवडे, तिसऱ्या वर्षी चार ते सहा, पुढे सहा ते आठ. पण कॅलेंडरपेक्षा कोंबाकडे पाहा. निम्म्याहून अधिक कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक येऊ लागले की त्या दिवशी काढणी बंद. त्यानंतर येणारा प्रत्येक कोंब पिसाऱ्यासाठी. वर्षातून दोनदा असं चक्र फिरवता येतं, मोठ्या शेतांत फिरवतातही, पण घरच्या वाफ्यात मी एकदाच करा म्हणेन.

दुसरा रस्ता: आईकाड्या ठेवणं

बारमाही दमट हवेत झाडाला झोपवण्याच्या मागे लागू नका. प्रत्येक झाडावर तीन ते पाच जाड, सरळ कोंब न कापता वाढू द्या. याच आईकाड्या. त्या गड्ड्याच्या एकाच बाजूला नकोत, चहूकडे विखुरलेल्या हव्यात. त्यांचा पिसारा पूर्ण उघडून गर्द हिरवा झाला, म्हणजे साधारण महिनाभराने, काढणी सुरू करा. आईकाड्या उभ्या राहतात, साखर पुरवत राहतात आणि नवीन येणारा प्रत्येक कोंब तुमचा.

आईकाड्यांचं टोक १.२ ते १.५ मीटरवर खुडा. बुडापासून ३०-४० सेंटीमीटरपर्यंतच्या फांद्या काढून टाका, म्हणजे खाली हवा खेळते आणि कोंब दिसतात. दोन-तीन महिन्यांनी पिसारा फिकट, ठिपकेदार होऊ लागला की महिनाभर काढणी थांबवा, नव्या तीन-पाच आईकाड्या वाढू द्या, त्या तयार झाल्या की जुन्या बुडाशी कापा. एकदम सगळ्या जुन्या काड्या काढून झाड उघडंबोडकं करण्याची चूक बरेच जण करतात. नव्या उभ्या राहिल्याशिवाय जुन्यांना हात लावू नका.

या पद्धतीत एका वेळी कोंब थोडे मिळतात, पण वर्षातला बराच काळ मिळतात. घरासाठी हे मला जास्त सोयीचं वाटतं.

कापणी

उष्ण हवेत खरा शत्रू आहे टोक सुटणं. तापमान ३० अंशांपलीकडे गेलं की कोंब आखूड असतानाच टोकाचे खवले सैल पडतात, फांद्या डोकावू लागतात आणि कोंब बुडाकडून दोरेदार होत जातो. म्हणून उंचीचा हट्ट धरू नका. थंड हवेत २० सेंटीमीटरपर्यंत थांबता येतं. कडक उन्हात १२-१५ सेंटीमीटरवर, टोक घट्ट मिटलेलं असतानाच कापा. पहाटे एकदा फेरी माराच. कडक उन्हाच्या दिवसांत संध्याकाळीही मारा, कारण सकाळी बोटभर असलेला कोंब दुसऱ्या दिवशीपर्यंत हाताबाहेर गेलेला असतो.

सुरी मातीत खुपसू नका, शेजारचा न दिसणारा डोळा कापला जातो. कोंब बुडाशी चिमटीत धरून वाकवा, जिथे कोवळेपणा संपतो तिथे तो कट्‌ असा मोडतो. जाड कोंब जून असतो हा गैरसमज आहे. जाडी गड्ड्याच्या ताकदीवर ठरते, आणि बारीक कोंबच अनेकदा जास्त दोरेदार निघतो. वाकडा कोंब आला तर वळणाच्या आतल्या बाजूला पाहा, तिथे अळीने कुरतडल्याची किंवा खड्याने घासल्याची खूण सापडते.

तोडल्यावर कोंब जिवंतच असतो आणि साखर जाळत राहतो. लगेच गार पाण्यात बुडवा, मग बुडं पेलाभर पाण्यात उभी करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

रोग आणि किडी

दमट हवेत सगळ्यात वाईट म्हणजे देठावरचा करपा. काडीवर लांबट तपकिरी डाग, मधे राखाडी, त्यात सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके. पावसाच्या थेंबांबरोबर माती उडून तो पसरतो, म्हणून आच्छादन हाच पहिला उपाय. डाग दिसलेली काडी बुडाशी कापून जाळा. अति पावसाच्या भागात वाफ्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचं छप्पर घातलं तर निम्मी लढाई जिंकलीच. तांबेरा आला की पिसाऱ्यावर बोट फिरवताच विटकरी भुकटी लागते; अशा वेळी गर्दी कमी करा आणि संध्याकाळचं पाणी बंद करा.

मावा, फुलकिडे आणि लाल कोळी कोरड्या उन्हात येतात. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा, आणि गरज पडली तर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून, ऊन उतरल्यावर. लष्करी अळी रात्री पिसारा खाते. सकाळी हिरव्या काड्या सोलल्यासारख्या दिसल्या तर अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन जा आणि अळ्या हाताने वेचा.

गड्डा कुजला, काड्या एका बाजूने पिवळ्या पडून मेल्या आणि बूड चिरल्यावर आत तांबूस रंग दिसला, तर ती मर, म्हणजे झाड मारणारा बुरशीचा रोग. तिला औषध नाही. झाड मातीसकट काढा आणि त्या खड्ड्यात पुन्हा ॲस्परॅगस लावू नका. बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, शिवाय जुन्या मुळांतून सुटणारी द्रव्यं नव्या रोपाला वाढू देत नाहीत. म्हणूनच वाफा म्हातारा होऊन कोंब कायमचे बारीक झाले की मधल्या रिकाम्या जागा भरत बसण्यापेक्षा बागेच्या दुसऱ्या टोकाला नवा वाफा घाला. तोही जुना वाफा अजून चालू असतानाच, म्हणजे नव्याच्या पहिल्या दोन वर्षांत कापायला जुना हाताशी राहतो.